दुसरा गुडघा

सव्वानऊला बाजार उघडला आणि नऊ वाजून सतरा मिनिटांनी सीताबाईचा फोन आला. "चंदू, मी निंघाली. सेलूवरून दुसरी गाडी धरीन. जेवाले थांबजो," एवढं बोलून तिनं ठेवूनही दिला. फोनवर जास्त बोललं की पैसे जातात असं तिला अजून वाटतं. चंद्रभानला "काऊन येऊन राह्यली?" विचारायचं होतं, ते तोंडातच राहिलं. बशी कलंडली आणि चहा लुंगीवर सांडला. पोळलं नाही, कारण चहा केव्हाच गार झाला होता. आता मोठी बहीण भावाकडे जेवायला येते यात दचकण्यासारखं काय आहे? दोन महिन्यांपूर्वी असा फोन आला असता तर तो पिशवी घेऊन वर्ध्याच्या बाजारात धावला असता, वांगी आणली असती, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, कोवळी जुडी निवडून आणली असती. आज तो खुर्चीत तसाच बसून राहिला. समोर मोबाईलवर तीच लाल ओळ. विकणारे अठ्ठावीस लाख, घेणारे शून्य.

हे शून्य काय प्रकरण असतं हे त्याला आधी ठाऊकच नव्हतं. शेअर पडला म्हणजे नुकसानीत का होईना विकता येतो, अशी त्याची भोळी समजूत. तसं नसतं. दिवसाला पाच टक्के पडला की त्याखाली जाऊ देत नाहीत, आणि त्या भावालाही घेणारा कोणी नसेल तर विकणाऱ्यांनी नुसतं रांगेत उभं राहायचं. साडेतीनला बाजार बंद झाला की रांग मोडते. दुसऱ्या दिवशी नवी रांग, आणखी पाच टक्के खाली. आज तेविसावा दिवस. तेवीस दिवस तो सकाळी नऊच्या आधी आंघोळ करून बसायचा आणि विक्रीच्या दोन ऑर्डरी टाकायचा, एक स्वतःच्या नावाची आणि एक सीताबाईच्या. तिचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं, चालवायचाही तोच. तेवीस दिवसांत एक शेअर गेला नव्हता. शंभराचे तीस झाले होते आणि ते तीसही हातात येत नव्हते. बायको पुण्याला मुलीच्या, सुरभीच्या बाळंतपणासाठी गेलेली. रोज संध्याकाळी ती विचारायची, "जेवले का?" आणि तो म्हणायचा, "जेवलो." खोटं बोलायला एवढं सोपं असतं हे त्याला साठाव्या वर्षी कळलं. कंपनीचं नाव घ्यायला मात्र त्याची जीभ वळत नसे. मनातल्या मनातसुद्धा तो 'ती' असंच म्हणायचा.

चौतीस वर्षं त्यानं सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून काढली होती. बाहेरच्याला वाटतं, बसून खायची नोकरी. पण लाइनमन खांबावर चढायच्या आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. "फीडर बंद हाय नं?" "बंद हाय, चढ." एवढ्या दोन वाक्यांवर माणूस अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात घालतो. त्याला स्वतःला काही दिसत नसतं, तो सबस्टेशनापासून दोन कोस दूर, खांबाखाली उभा असतो. चंद्रभान 'चढ' म्हणायच्या आधी स्वतः उठून यार्डात जायचा, स्विच उघडा आहे हे डोळ्यांनी पाहायचा, अर्थिंग हातानं हलवून पाहायचा, कुलूप लावून चाबी खिशात टाकायचा. पावसात, उन्हात, पोरीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा. कुणी म्हटलं, "साहेब, मी पाहून आलो नं," तर तो म्हणायचा, "तू पाह्यलं, मी नाई पाह्यलं." लोक हसायचे. हसू देत. त्याच्या शब्दावर चढलेला प्रत्येक माणूस आपल्या पायांनी खाली उतरला होता. निरोपसमारंभात इंजिनियरनं हेच सांगितलं तेव्हा सगळ्यांसमोर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली सीताबाई पदरानं तोंड पुसत होती.

खुर्चीवर, कारण तेव्हाच तिला खाली बसता येत नव्हतं. दोन्ही गुडघे गेले होते. लग्नानंतर सहा वर्षांत नवरा वारला, लेकरू कडेवर घेऊन ती हिंगणीला माहेरी परत आली, तेव्हा चंद्रभान सातवीत होता आणि बाप आधीच गेला होता. बोर धरणाच्या बाजूला धानाची रोवणी नसते, पण निंदण असतं, कापूस वेचणं असतं, वाकून करायची सगळी कामं असतात. ती तिनं केली. त्याच्या आयटीआयची फी, सेलूला जायची सायकल, पहिल्या मुलाखतीचा पांढरा शर्ट, सगळं तिच्या वाकण्यातून आलं. पुढे अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, तिथंही दिवसभर जमिनीवर बसून पोरांना भरवणं. गुडघे जाणार नाहीत तर काय होईल. दर रविवारी विहारात ती मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची आणि बाहेर आल्यावर हमखास म्हणायची, "बुद्धासमोर खुर्चीत बसाचं म्हंजे मले लाज वाट्टे, चंदू." तिच्या निवृत्तीचे पैसे आले तेव्हा डॉक्टरनं हिशोब सांगितला. एका गुडघ्याचे पैसे होत होते. ती तयार होती. "एक करून घेतो, दुसऱ्याचं मंग पाहू." तेव्हा चंद्रभान म्हणाला होता, "एक करून काय फायदा बाई? सारा भार दुसऱ्यावर येईन. वर्षभर थांब. दोन्ही होतीन."

वर्षभर थांब. हे दोन शब्द आता त्याला घरभर भेटतात. दाढी करताना, नळ भरताना, विनाकारण. कोणी त्याच्याकडे सल्ला मागायला आलं नव्हतं, बरं का. तोच गेला होता. आणि उगाच हवेत बोलला नव्हता, पाहून आला होता. नाचणगावच्या शिवारापलीकडे त्या कंपनीचा सौर प्रकल्प उभा राहिला होता, दीडशे एकर काच. त्याच्या हाताखालचा जुना लाइनमन रूपराव तिथं सुपरवायझर लागला होता. एप्रिल महिना, पारा पंचेचाळीसवर. चंद्रभान डोक्याला दुपट्टा बांधून, तारेला चिमट्यासारखा लावायचा मीटर पिशवीत घालून तिथं गेला आणि सकाळपासून दुपारपर्यंत ओळीओळीनं फिरला. करंट मोजला. बरोबर. इन्व्हर्टरवरचे आकडे पाहिले, गणित करून ताडून पाहिले. बरोबर. काचा धुतलेल्या होत्या, नटबोल्ट गंजलेले नव्हते, आणि अर्थिंग तर अशी सुरेख की रूपरावसमोर तो बोलून गेला, "एवढी अर्थिंग तर आपल्या सबस्टेशनात नव्हती बाप्पा." बॅलन्स शीट त्याला वाचता येत नव्हती, अर्थिंग वाचता येत होती. जी कंपनी लोकांना दिसत नाही ते जमिनीखालचं कामही इतकं इमानानं करते ती चोर कशी असेल? जन्मभर ज्या उन्हाला शिव्या दिल्या, ज्या उन्हात बहिणीची पाठ भाजली, ते ऊन तिथं तारेतून चाललेलं त्यानं हातातल्या मीटरवर पाहिलं. तो इतका खूश झाला की परतताना देवळीला उतरून अर्धा किलो जिलबी घेतली आणि सरळ हिंगणीची वाट धरली. आपले पैसे तर टाकलेच, तिचेही टाकले. तिनं विचारलं होतं, "पक्कं नं?" आणि तो म्हणाला होता, "मी सोता पाहून आलो."

पहिले पाच महिने शेअर चढला. मग एक दिवस कंपनीचा ऑडिटर राजीनामा देऊन मोकळा झाला, आणि हळूहळू बाहेर आलं की सात राज्यांतल्या ज्या सात प्रकल्पांवर कर्ज उचललं होतं त्यांतला जमिनीवर एकच होता. बाकी सहा नुसते कागद. एकच खरा, आणि तो नेमका नाचणगावचा. हे वाचलं तेव्हा चंद्रभानला घाम फुटला नाही, रडू आलं नाही, भलतंच झालं. त्याला हसू आलं. इतकं की शेजारच्यांनी दार वाजवलं. एवढ्या मोठ्या देशात तो नेमका त्याच जागी मीटर घेऊन गेला होता, आणि त्याचं मोजमाप एका आकड्यानंही चुकलं नव्हतं. अजूनही चुकलेलं नाही. रूपराव परवाच फोनवर म्हणाला, "साहेब, प्लँट तर मस्त चालून राह्यला. पगार अटकला आमचा, पण जनरेशन फुल हाय." चंद्रभान अकरा वाजता खिडकीतून ऊन बघतो आणि त्याला माहीत असतं की आत्ता तिथं किती करंट वाहत असेल. ते थांबवताही येत नाही आणि त्याचं काही करताही येत नाही.

वरणाला फोडणी द्यायला तो उठला. टीव्ही नुसताच चालू होता. टाय लावलेला एक तरुण सांगत होता की अक्षय ऊर्जा कंपन्यांचं पुढच्या दहा वर्षांचं चित्र अतिशय आशादायक आहे, मागणी वाढतच जाणार, सरकारचं धोरण अनुकूल, पडझडीला घाबरून बाहेर पडू नये, उलट संधी समजावी. पोरगा खोटं बोलत नव्हता. चंद्रभानलाही तसंच वाटतं. त्यानं तर सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. कोळसा संपेल, ऊन संपणार नाही, हे तो नाक्यावर लोकांना समजावून सांगायचा तेव्हा हा पोरगा शाळेत असेल. सगळं खरंच होणार. देशभर काच पसरणार, गावोगाव दिवे लागणार, कुठल्या तरी कंपन्या मोठ्या होणार आणि लोकांचे पैसे दुप्पट-चौपट होणार. फक्त सीताबाईचे नाही. एवढ्या मोठ्या उज्ज्वल भविष्यात तिच्या एका गुडघ्याला जागा नाही, आणि याला दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा हेही त्याला समजेना. मोहरी करपली. त्यानं तीच फोडणी वरणावर ओतली.

आज सांगायचं, असं त्यानं ठरवलं. जेवण झाल्यावर नाही, आधीच. 'बाई, पैसे बुडाले.' तीन शब्द. भाताच्या कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर त्यानं ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा आवाज बरा निघाला.

ती साडेबाराला आली. फाटक उघडल्याचा आवाज, मग खूप वेळ काहीच नाही, कारण फाटकापासून ओट्यापर्यंतच्या चार पायऱ्या ती एकेक करून चढते, आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर. तो हात द्यायला गेला तर म्हणाली, "राहू दे, सवय मोडीन माही." पिशवीतून जवसाची चटणी निघाली, अंबाडीची भाजी निघाली. पलंगावर टेकून तिनं पाय लांब केले आणि दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळू लागली. आणि तेव्हा चंद्रभानला तिचा गळा दिसला. सोन्याच्या मण्यांची एकदाणी, आईच्या गळ्यातून तिच्या गळ्यात आलेली, जी तिनं त्याच्या आयटीआयच्या वेळीही मोडली नव्हती, ती नव्हती. गळ्यावर तिच्या जागी फिकट रेघ होती.

"बाई, एकदाणी कुठी हाय?"

"इकली." तिनं असं सांगितलं जसं भाजी आणली. "सेलूच्या सोनाराले. त्यानं पैसे बँकेत टाकून देल्ले. काल मेसेज बी आला." मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिला हसू फुटलं. "असा काऊन पाहून राह्यला? समीक्षानं मले सारं सांगतलं."

समीक्षा म्हणजे तिची नात, सेलूला कॉलेजात असते. चंद्रभान खुर्चीचा हात धरून खाली बसला. चला, कळलं तर आहे. सांगायचं ओझं कोणीतरी परस्पर उतरवलं. त्याला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. "काय सांगतलं?"

"भाव पडला म्हंते नं. शंभराचा तीसवर आला. मी म्हटलं, मंग हेच तर चंदू म्हणत होता! तूच नाई का सांगत होता मले, चांगली वस्तू स्वस्त झाली की घ्याची असते, भेव नाई धराचं. टीव्हीवर बी तेच सांगून राह्यले. म्हटलं भाऊ माहा एकटा काय काय करीन, त्याच्या पोरीचं बाळंतपण हाय, पैसे नसतीन त्याच्यापाशी. मी आणतो. आता घेतले तं तिप्पट येतीन. दोन्ही गुडघे होऊन वरून उरतीन, तुह्या नातवाले कडदोरा करीन."

तो म्हणाला, "बाई, ऐक. ते इकता येत नाई आता."

"मंग इकाचे कोनाले हाये?"

"तसं नाई. घेणारा कोनीच नाई त्याले."

"मी हाओ नं," सीताबाई म्हणाली. "लोकं भेले म्हणून आपण भ्याचं का? तू सोता पाहून आला होता. प्लँट चालू हाय का बंद हाय?"

"चालू हाय."

"ऊन पडते का नाई?"

"पडते बाई. पण कंपनीवाल्यानं…" कंपनीवाल्यानं काय केलं हे सांगायचं तर ऑडिटर म्हणजे काय ते सांगावं लागेल, सहा कागदी प्रकल्प सांगावे लागतील, आणि शेवटी हे सांगावं लागेल की मी पाहिलं ते खरं होतं तरी मी म्हटलं ते खोटं होतं. ते तो अजून स्वतःलाच सांगू शकला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. सातवीतल्या पोराकडे बघायची तशीच. पांढरा शर्ट घालून मुलाखतीला निघाला तेव्हाही असंच बघत होती, लागणारच नोकरी, मग घाबरतो कशाला. त्या नजरेपुढे 'बुडाले' हा शब्द म्हणजे तिच्या तोंडावर हात उगारण्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक झालं. क्षणभर त्यालाही वाटलं, कोण जाणे. प्लँट खरा आहे. कोणी मोठा येईल, कंपनी विकत घेईल, झालंही असेल कुठे असं. तेवीस दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवत होतं आणि तो विश्वास त्याला उन्हातून आल्यावर माठाचं पाणी मिळावं तसा गोड लागला. याबद्दल त्यानं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

"जेवून घे आधी," तो म्हणाला.

"आधी हे करून टाक. मंग निवांत जेवू."

तिनं चष्मा लावला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. खोटंखोटं करायची सोय राहिली नाही. त्यानं तिची सकाळची विक्रीची ऑर्डर काढून टाकली, अंगठा आडवा धरून, तिला दिसू न देता. मग पैसे बँकेतून खात्यात आणायचं पान उघडलं. तिच्या छोट्या फोनवर सहा आकडे आले. ते तिनं अंगणवाडीत पोरांना शिकवायची तशा सुरात, एकेक थांबून वाचले. "चार. शून्य. सात. लिहिलं का? सात. दोन. नऊ." एक आकडा चुकवला की झालं. आठ दाबायचा नवाच्या जागी. 'बाई, सर्व्हर बंद आहे,' म्हणायचं, उद्यावर ढकलायचं, आणि उद्या कोणी पाहिला आहे. त्याचं बोट आठाच्या वर आलंही. पण चौतीस वर्षांत या बोटानं चुकीचं बटण कधी दाबलं नव्हतं, आणि शेजारी ती मान पुढं करून पाहत होती. त्यानं नऊ दाबला.

पैसे आले. किती शेअर येतील ते मोबाईलनंच सांगितलं. हिरवं बटण दाबलं आणि तो श्वास धरून बसला, या तेवीस दिवसांच्या सवयीनं, की आता ऑर्डर रांगेत जाईल आणि साडेतीनपर्यंत तिथंच पडून राहील. तसंच व्हावं, असं त्याला तेव्हा मनापासून वाटलं. मोबाईलनं एक बारीक टुण् आवाज केला. डोळ्याचं पातं लवण्याआधी सगळे शेअर आले होते.

"झालं?"

"झालं."

"एवढ्या लवकर? बाप्पा!" तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि हात त्याच्या पाठीवर ठेवला. हात खरखरीत, तोच. "तू हाय म्हणून मले काई घोर नाई पाहा." ती उठायला लागली. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, ओठ मिटून, आधी अर्धी, मग पूर्ण. चंद्रभान तिला उठताना पाहत होता आणि कुठल्या तरी अनोळखी शहरातल्या एका माणसाचा विचार करत होता. तोही तेवीस दिवस आंघोळ करून बसत असेल. आत्ताच त्याच्याही मोबाईलनं असाच आवाज केला असेल, आणि त्यानं बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली असेल. त्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

स्वयंपाकघराच्या दाराशी सीताबाई थांबली. "एक सांग मले चंदू. आपण घेतले म्हंजे कोनीतरी इकले असतीन नं?"

"हो."

"अशा वस्तूले? कोन असन रे तो?"

"असन कोनी," चंद्रभान म्हणाला. "सुटला तो."

"सुटला काहाचा," सीताबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात त्या माणसाची खरीखुरी कीव होती. "त्याले सांगणारं कोनी नसन बिचाऱ्याले." मग तिनं झाकण काढून वरणाचा वास घेतला आणि दोघांसाठी ताटं वाढायला घेतली.